लाल बाहेर, निळी आत

२ फेब्रुवारी, सोमवार

उपटला! वॉर्डच्या मोठ्या सिस्टरांनी माझ्या डोळ्यांदेखत भिंतीतून चार्जर उपटला आणि माझ्या मांडीवर ठेवला. वर विचारतात, "सात नंबर, पाटी वाचता येते ना?"

येते की! त्यांनीच लावलीय, माझ्या सात नंबरच्या खुर्चीच्या बरोबर समोर. 'रुग्णांनी स्वतःची उपकरणे प्लगला लावू नयेत.' वर्षभर सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिसच्या खुर्चीत पडून मी दुसरं वाचते काय? डाव्या हातात दोन सुया. लाल नळीतून रक्त बाहेर, मशीनमध्ये धुऊन निळ्या नळीतून परत आत. लाल बाहेर, निळी आत – पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मग चार तास तो हात हलवायचा नाही.

त्या चार तासांत मी बस चालवते. गेममध्ये. खरी चालवली एकवीस वर्षं. मग किडन्या गेल्या आणि तपासणीत मला अपात्र ठरवलं, एवढ्या माणसांचा जीव हिच्या हातात द्यायचा नाही म्हणे. घरचा जुना लॅपटॉप या गेमपुढे तासाभरात मान टाकतो, म्हणून चार्जर. आज तो उपटल्यावर माझी बस उड्डाणपुलावर बंद पडली. आत गाडीभर प्रवासी! खोटे का असेनात. मी कधी कुणाला अर्ध्या रस्त्यात सोडलेलं नाही.

पाटीवर 'प्लगला' असं लिहिलंय. ठीक आहे. प्लगला लावणार नाही!

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. भिंत लागणारच नाही असा कॉम्प्युटर बनवायचा. छोटा, पिशवीत मावेल असा, पण हा गेम ओढण्याइतका दमदार. सकाळपासून व्हिडिओ बघतेय. लॅपटॉपसारख्या एका पिनेवर चालणारे छोटे बोर्ड मिळतात, त्यांना १९ व्होल्ट लागतात. ते ॲडॉप्टरमधून आले काय नि बॅटरीतून आले काय, बोर्डाला काय कळणार आहे? बसमध्ये तरी दुसरं काय होतं? दिवे, वायपर, हॉर्न, दारं – सगळं बॅटरीवर. मला जमणार नाही असं कुणी म्हणूनच दाखवावं!

आई म्हणाली, मोबाइलवर खेळ की. मोबाइलवरची बस साबणाच्या वडीसारखी सटकते. वळणावर मागचं धूड आपल्यामागे फिरतंय असं वाटलं नाही तर ती बस कसली?

संध्याकाळी धाकटीचा फोन. पुन्हा तेच. रक्तगट जुळतोय, पुढच्या तपासण्या करून टाकू. "ताई, मला दोन आहेत ना." म्हटलं, स्टेपनी आहे म्हणून कुणी चालत्या गाडीचं चाक काढून देत नाही. तर म्हणते, "मग स्टेपनी असते कशाला?"

फोन ठेवून दिला. तिची पोरगी अजून शाळेतही जात नाही. उद्या तिलाच काही झालं तर? मला कुणाचं काही नको. मी त्या खुर्चीत माझी सोय करून घेईन आणि वर्षानुवर्षं मजेत बसेन. मग बघू कोण किडनी पुढे करतंय ते.

४ फेब्रुवारी, बुधवार

शेजारच्या खुर्चीत शिंपीकाका असतात – सहा नंबर. त्यांना बेत सांगितला. म्हणाले, "इथे लोक मरायला टेकलेत आणि तुम्हाला खेळ सुचतोय." म्हटलं, काका, मरायला टेकलेल्यांनीच खेळावं, बाकीच्यांना कामं असतात. मग मात्र त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं. पडदा केवढा असणार, त्यांना तिकडून दिसणार का, वगैरे.

७ फेब्रुवारी, शनिवार

बोर्ड आला! तळहाताहून थोडा मोठा. मी नुसती बघत बसले.

पेटीही ठरली. माझी शेवटची बस मोडीत काढली तेव्हा तिच्यातली प्रथमोपचाराची पेटी मी मागून आणली होती. पत्र्याची, वर लाल फुली. त्यात बोर्ड बरोबर बसतो. हवेसाठी भोकं पाडायला गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले, तर तो म्हणतो यात औषधं सांडतील. सांडू देत म्हटलं.

धाकटी डबा घेऊन आली होती. डब्याच्या झाकणावर जांभळ्या नेलपॉलिशचा ठिपका! लहानपणी कंपास, कंगवा, पट्टी, अगदी उशीच्या खोळीवरसुद्धा नेलपॉलिशनेच 'माझं' लिहायची, कारण मी तिच्या वस्तू बेधडक उचलायचे. आता ऑफिसात डबे बदलतात म्हणून ठिपका असतो म्हणे. पोरगी शाळेत जायला लागली की तिची प्रत्येक वस्तू जांभळी होणार.

पेटी बघून हसली. मी म्हटलं, सगळं जुळलंय, पण चार तास पुरेल अशी बॅटरी मिळत नाहीये. तिची स्कूटर बॅटरीवरची, बॅटरी सीटखालून काढून घरात चार्ज करायची. तिची गाडी बघतो त्या बॅटरीवाल्याचा नंबर तिने दिला. "एकदा विचारून बघ," म्हणाली. किडनीचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बॅटरीवाला तोंडावर नाही म्हणाला. स्कूटरची एक बॅटरी तुमच्या कॉम्प्युटरला सहज पुरेल, पण नवी सुटी मिळणार नाही आणि जुन्या येतात त्या मेलेल्याच येतात. दुकानभर त्या मेलेल्या रचून ठेवल्यात. मी म्हटलं, एखादी धुगधुगी असलेली? म्हणाला, ताई, तुम्ही रस्त्यात बंद पडणाऱ्यातल्या दिसत नाही, तुम्हाला तसली कशाला देऊ?

माणूस बरा आहे. पण काम झालं नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मिळाली! दवाखान्यातून सुटतेय तोवर बॅटरीवाल्याचा फोन. एक आलीय, वापरलेली पण जपलेली. गुंगी होती तरी रिक्षा तिकडेच वळवली. जिथे अंगठा टेकवावा तिथे काळी टेप, सगळी बॅटरी टेपने गुंडाळलेली. "टेप काढू नका, आतलं पॅकिंग सैल आहे," असं दोनदा बजावलं. कुणाची म्हणून विचारलं तर म्हणाला, एका बाईंची, त्या आता गाडी फिरवत नाहीत. चार्जरही दिला. ४८ व्होल्टचे १९ करणारा कन्व्हर्टर दिला. उजव्या हाताने उचलवेना, तेव्हा त्यानेच रिक्षात ठेवून दिली.

त्या बाईंचं भलं होवो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

गंमत! धाकटी आज बसने आली. गाडी दुरुस्तीला टाकलीय, कुठलासा पार्ट येत नाहीये. चपला धुळीने माखलेल्या, कपाळावर घाम. म्हटलं, आता कळेल आमची किंमत! इतकी वर्षं मी बस चालवत होते तेव्हा बाईसाहेब स्कूटरवरून भुर्र. तिच्या ऑफिसला कुठली बस, कुठे बदलायची, कुठल्या बाजूला बसलं म्हणजे ऊन लागत नाही, सगळं शिकवलं. मुकाट्याने ऐकून घेतलं. हिला एवढं ऐकताना मी कधी बघितलं नव्हतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

धूर! स्वयंपाकघरभर! आई ओरडत खिडक्या उघडतेय आणि मी टेबलाशी हातात वायर धरून उभी.

काय केलं ते लिहूनच ठेवते, म्हणजे पुन्हा करणार नाही. काळी वायर नव्हती, घरात लाल आणि निळी होती. लाल-निळी म्हटल्यावर मला काय आठवणार? मनात मी कॉम्प्युटरला पेशंट केलं आणि बॅटरीला मशीन. पेशंटकडून लाल निघते, पेशंटकडे निळी जाते. लाल बाहेर, निळी आत! म्हणून पिनेच्या आतल्या टोकाला निळी लावली आणि बाहेरच्या कड्याला लाल. अगदी मन लावून. टेप लावून, ओढून बघून. आणि पिन खुपसली.

वर्षभर त्या नळ्या बघून डोकं पार त्यांचंच झालंय. याचाच जास्त राग आला. बोर्डापेक्षाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काकांनी विचारलं, गाडी कुठवर आली? जळली म्हटलं. चार तास पाटी वाचली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बॅटरीवाल्याने पेटी उघडली, पिन बघितली, आणि दुकानातला फळा पुसून त्यावर लिहिलं – लाल म्हणजे अधिक, आणि अधिक पिनेच्या आत. मी त्याला पेशंटचं सांगितलं तेव्हा त्याला हसू आवरेना. मग हसता हसता थांबला आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "ताई, इथे पेशंट कुणी नाही. बॅटरी देते, बोर्ड घेतो. सरळ व्यवहार आहे."

कन्व्हर्टर गेला, तो नवा घेतला. पण बोर्ड वाचला! पिनेजवळ तांदळाएवढा एक भाग असतो, उलटं काही आलं तर तो स्वतः जळतो आणि पुढचं सगळं वाचवतो. तेवढा दाणा काढून त्याने नवा बसवला. शिवाय बॅटरीपाशी फ्यूज घालायला लावला. बसमध्ये प्रत्येक वायरीला फ्यूज असायचा. मला आधी सुचायला हवं होतं.

घरी येऊन पिन लावली. पंखा फिरला! आईला हाक मारली. आई म्हणाली, आता याच्यावर बस येणार? आली! टेबलावर, झोकात, वळणावर मागचं धूड ओढत!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज पहिली फेरी. बॅटरी चाकांच्या पिशवीत, पेटी तिच्यावर, पातळ पडदा पुढच्या ट्रेवर, कंट्रोलर उजव्या हातात. एका हाताने चालवायला लॅपटॉपवरच शिकलेय, अंगठ्याने स्टेअरिंग, बोटांनी ब्रेक आणि वेग. डावा हात सुयांसकट स्वस्थ.

मोठ्या सिस्टर आल्याच. "हे काय आहे?"

"प्रथमोपचाराची पेटी."

लाल फुलीकडे बघितलं, पडद्यावरच्या बसकडे बघितलं. पाटीकडे बोट केलं. मी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हटलं, प्लगला काहीही लावलेलं नाही, भिंत तपासून बघा. काका खुसुखुसु हसत होते. सिस्टरांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. म्हणाल्या, पाटी प्लगसाठी नाहीये, माणसांसाठी आहे. बॅटरीने पेट घेतला तर सुया काढून एकेकाला बाहेर काढायला मला वेळ मिळेल का?

 मग फ्यूज दाखवला, पत्र्याची पेटी दाखवली. त्यांनी दवाखान्याचा इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने सगळीकडे हात लावून बघितलं आणि गार आहे म्हणाला. तेव्हा सिस्टर म्हणाल्या, वरून लेखी परवानगी येईपर्यंत चालू दे, नाही आली तर पुन्हा आणायचं नाही. "सात नंबर, मी तुमच्याशी भांडायला इथे येत नाही."

मी मात्र येते! पण पूल ओलांडला आज. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. सगळे उतरले.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काका कंडक्टर झाले. चमच्याने पेल्यावर – एक टण् म्हणजे थांबा, दोन टण् म्हणजे चला. आम्हाला पाणी मोजूनच मिळतं, पेला रिकामाच असतो, त्यामुळे आवाज छान येतो.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी धाकटीला बोलावून घेतलं होतं, मला न विचारता. खुर्चीपाशी उभ्या राहून दोघी – डॉक्टर बाई आणि ही. यादीत नंबर लागायला किती काळ जाईल सांगता येत नाही, बहिणीची मिळते तर थांबायचं का? मी बस चालवत राहिले. धाकटी म्हणाली, ताई, इकडे बघ. म्हटलं, ड्रायव्हरशी बोलू नये, असं बसमध्ये लिहिलेलं असतं.

डॉक्टर गेल्यावर मी ऐकवलंच. मला बरं चाललंय. माझी गाडी आहे, माझी बॅटरी आहे, कुणाच्या भिंतीतून मी काही घेत नाही. तुझी पोरगी सांभाळ. ती पेटीकडे, मग पिशवीकडे बघत राहिली. वाटलं रडेल. पण म्हणाली, "बॅटरी नीट चालते ना? चार तास पुरते?"

पुरते म्हटलं. पुरून उरते!

"मग बरं," म्हणाली आणि बस पकडायला गेली. अजून पार्ट आला नाही तिचा. तिला असं तोडून बोलायला नको होतं. पण मी बोलले ते खोटं नाही.

४ मार्च, बुधवार

आधी हे लिहून काढते, मग जेवते.

आमचा वॉर्ड तळघरात. खिडकी नाही. दुपारी लाइट गेली आणि जनरेटर सुरूच झाला नाही. डोळ्यांत बोट घातलं तरी कळणार नाही असा काळोख. सगळ्या मशीन एकदम किंचाळायला लागल्या. त्यांना स्वतःची बॅटरी असते, पण ती थोडा वेळच पंप फिरवते. नंतर नळ्यांतलं रक्त हाताने हँडल फिरवून ज्याचं त्याला परत द्यावं लागतं, नाहीतर ते तिथेच गोठतं. आणि हँडल फिरवताना निळ्या नळीत हवा जात नाही ना हे बघावं लागतं. त्याला उजेड हवा. भिंतीवरचा इमर्जन्सी दिवा लागला आणि मालवला. सिस्टरांनी मोबाइल दातांत धरला, पण त्याच्या चिमूटभर उजेडात नळीतली हवा दिसेना.

पुरेसा उजेड एकच होता. माझी बस.

मी गेममध्ये भर दुपार केली, बस डेपोच्या पांढऱ्या भिंतीसमोर नेऊन उभी केली. पडदा नुसता पांढरा झाला. त्या खोलीत भिंतीला न बांधलेला एवढा मोठा दिवा तो एकच होता! मावशींना म्हटलं, पिशवीसकट न्या. वॉर्डातल्या मावशींनी एका हातात पडदा धरला, दुसऱ्याने पिशवी ढकलली, आणि माझी बस खुर्चीखुर्चीला थांबत गेली. मोठ्या सिस्टर हँडल फिरवायच्या, नळी बघायच्या, पुढे जायच्या.  काका प्रत्येक खुर्ची झाली की पेल्यावर दोन टण् वाजवायचे.

मला दोनदा विचारलं, तुमचं आधी करू का? नाही म्हटलं. ड्रायव्हर शेवटी उतरतो. माझ्यापर्यंत आल्या तेव्हा पडदा मंदावला होता, बॅटरी संपत आली होती. माझी निळी नळी त्या उजेडात त्यांनी डोळ्याजवळ नेऊन बघितली. मला भीती वाटली. फार वाटली. एकवीस वर्षांत रस्त्यावर कधी वाटली नव्हती तेवढी. मी स्वतःची सोय स्वतः करते म्हणणारी बाई, आणि माझं रक्त परत माझ्यात यावं म्हणून दुसरी कुणी तरी हँडल मारतेय.

"झालं, ताई," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. ताई! आणि पडदा विझला.

६ मार्च, शुक्रवार

लेखी परवानगी आली नाही. पाटी आहे तिथेच आहे. फक्त तिच्याखाली पेनाने, सिस्टरांच्या अक्षरात – 'सात नंबरने मात्र रोज आणावीत.'

७ मार्च, शनिवार

बुधवारी बॅटरी पार रिकामी झाली, तेव्हा तापलीही असावी. टेपचा चिकटा सुटला होता. नवी लावायची म्हणून आज जुनी सोलून काढली. आत काही सैल नाही. घट्ट, चांगली बॅटरी. कडेला जांभळं नेलपॉलिश. 'माझं.'

सगळे फेरे बसने. तो न येणारा पार्ट. मी तिला उन्हाची बाजू शिकवत होते.

आईच्या समोर रडले. मग धाकटीला फोन लावला. म्हटलं, तपासण्यांची तारीख घे.   एकच अट आहे – किडनीवर ठिपका लावायचा नाही.